रेघ संपली तर

अर्जात 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात
मी 'टेक्स्टाइल' लिहिलं.
खोटं नव्हतं.

मे महिन्याचे बारा दिवस, पॉलिटेक्निकची मागची लॅब,
बाहेर त्रेचाळीस, आत तीन पंखे,
त्यातला एक नुसता आवाज करणारा.
आमच्या वाट्याला खिडकीची जागा.
आमच्या म्हणजे माझ्या आणि तौसीफ बागवानच्या.
त्याच्या आजोबांचा द्राक्षांचा गाळा आहे
आणि स्क्रू पिळताना त्याची जीभ बाहेर येते.

बिराजदार सरांनी फरशीवर पांढरा फ्लेक्स अंथरला,
त्यावर काळी चिकटपट्टी: वळण, वळण, मग इंग्रजी आठ.
"गाडीनं एवढंच करायचं. काळं सोडायचं नाही."
गाडीच्या पोटाशी वाटाण्याएवढे दोन डोळे,
न दिसणारा उजेड खाली टाकायचे
आणि परत किती आला ते मोजायचे.
काळ्यावरून फारसा परत येत नाही.

सगळ्यांच्या गाड्या चालल्या.
आमची अकरापर्यंत शहाणी, साडेअकराला वेडी.
स्वतःभोवती फिरायची, टेबलाच्या पायाशी भांडायची,
एकदा थेट सरांच्या चपलेवर चढली.
तौसीफने तीनदा कोड बदलला.
मी बॅटरी जिभेला लावून पाहिली.
चौथ्या दिवशी कळलं: ऊन.
खिडकीतून फ्लेक्सवर सरकत येणारं ऊन
तिचे डोळे दिपवून टाकत होतं.
सोलापुरात ऊन माणसांना लागतं.
यंत्रालाही लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

घरी अम्मा विडीची पानं कापत होती,
पत्र्याचा साचा पानावर, कात्री कडेकडेनं,
डोळे टीव्हीकडे.
मी म्हटलं, याच मापात काळा कागद कापून दे.
"एमैंदी?" काय झालं?
म्हटलं, गाडीला टोपी घालायचीय.
तिनं दोन मागितले तर तीन कापले.
कारखान्यात छाट जाते रोज,
हाताला जास्तीची सवय.

पाचव्या दिवशी भर दुपारी
आमची गाडी आठ गिरवत राहिली,
टेंभुर्णीच्या पानाच्या मापाची झालर लावून.
तौसीफ काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी डब्यात द्राक्षं आणली, धुतलेली.

शेवटच्या दिवशी पालक.
टेबलं जोडून फ्लेक्स वर मांडलेला.
नायना रात्रपाळी करून तसाच आला,
भुवयांत कापसाची कुसं.
बाकीचे व्हिडिओ काढत होते.
तो हात मागे बांधून उभा,
मागाशेजारी उभा राहतो तसा.
बराच वेळ पाहून म्हणाला,
"रेघ संपली तर?"
संपत नाही, मी म्हटलं, गोल आहे.
"तुटली तर?"

सर हसले आणि वीतभर पट्टी उचकटली.
गाडी आली. काळं शोधलं. नव्हतं.
मग होती तशी, सरळ, पूर्ण वेगात,
टेबलाच्या कडेवरून खाली.
एक चाक घरंगळत
त्या आवाज करणाऱ्या पंख्याखाली जाऊन पडलं.

"आमचा माग थांबतो," नायना म्हणाला.
"एक धागा तुटला तरी."
टोमणा नव्हता. माहिती होती.
चाक त्यानंच उचलून आणलं.

किट परत सातव्या खोक्यात गेलं.
प्रमाणपत्रावर वडनालचं वडनेर झालं होतं.

रात्री अडीचला समोरच्या शेडमधला एक माग थांबला
आणि मी जागी झाले.
आमच्या गल्लीत आवाजानं कोणी उठत नाही.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
काळं दिसलं नाही तर थांब.
गाडी नव्हती, तरी लिहिलं.
त्याखालची ओळ सुचेना.
थांबल्यावर कोणीतरी यावं लागतं,
वाकून टोक शोधावं लागतं,
ते कोडमध्ये कसं लिहितात
हे सरांना विचारायचं राहिलं.

पलीकडे गाठ बसली असावी.
माग सुरू झाला.
वही उघडीच राहिली पोटावर.