तारीख नसलेला शिक्का

रुवीत, सोनारांच्या दुकानांमागच्या गल्लीत
आमच्या लॅबचा एसी शुक्रवारी जास्त घरघरतो.
शुक्रवारीच येतात सगळे. सुट्टी असते.

दिलावर परकार. वय एकेचाळीस. क्रेन चालवतो. दाभोळचा.
मी मराठी बोलते हे कळल्यावर
त्यानं खुर्ची आधी मागे सरकवली,
मग हळूच पुढे.

रिपोर्ट घड्या घालून घालून
बसच्या तिकिटाएवढा केलेला.
आत एक आकडा : एक पूर्णांक आठ.
शेजारी ठळक अक्षरांत, पॉझिटिव्ह.

"घरी सांगितलंय, नागीण झाली म्हणून.
अम्मा म्हणते, गेरू लाव."

नागीण नाही ही, म्हटलं.
तिची चुलत बहीण.

मग त्यानं विचारलं, जे सगळेच विचारतात,
टेबलावरच्या कापसाकडे बघत :
कधी? आणि कोणाकडून?

पासपोर्ट आहे?
"कंपनीकडे."
बरं, शिक्के आठवतात?
सगळे आठवत होते. तारखेसकट.
शेवटचा, बावीस महिन्यांपूर्वीचा.

रक्तातही शिक्का पडतो, दिलावरभाई.
कोणी आत येऊन गेलं, एवढंच त्यावर.
तारीख नाही. विमानतळ नाही.
ओठावरून आलं की आणखी कुठून, तेही नाही.
आणि शिक्का उमटायलाच
कधी कधी बारा-बारा आठवडे लागतात.

लहानपणी ताप ओठावर फुटायचा?
"दर परीक्षेला."
तो थोरला. पहिला नंबर.
माझ्याकडेही आहे, मावशीच्या पाप्यांतून आलेला बहुतेक;
तिला कोण विचारणार?
तुमच्या कागदावर धाकट्याचं नाव आहे.
पण आकडा साडेतीनच्या खाली असला
की यंत्र अडखळतं,
थोरल्याच्या चेहऱ्यावरून
कधी धाकट्याला हाक मारतं.
दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा बघावं लागेल.

"म्हणजे नाहीये?"
तसं म्हणाले नाही मी.
"म्हणजे आहे?"
तसंही नाही.

एवढ्या उंचावर बसून
टनाटनाचे गर्डर बोटभर न चुकता ठेवणारा माणूस
या दोन 'नाही'च्या मधे
कुठे काय ठेवावं ते न सुचून
बाही वर करू लागला.

तेवढ्यात फोन. पडद्यावर शमीम.
वाजून थांबला. पुन्हा वाजला.
तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं उचलला,
उजव्यात माझी सुई.

"हां. लॅबमध्येच.
नाही गं, अजून कळलं नाही."

पहिल्यांदाच, मला वाटतं,
या खुर्चीतून कोणी घरी
जसंच्या तसं खरं बोललं.

नळी भरली. तिच्यावर मी आजची तारीख लिहिली,
वेळही, अकरा वाजून दहा.
एवढीच एक नक्की.