गेटवरची वही

बाबांचं दुकान सियागंजच्या मागच्या गल्लीत,
जळलेल्या मोटरी बांधायचं.
मी चौथीत असल्यापासून ओळखते तो वास,
करपलेल्या वार्निशचा, तांब्याला घाम आल्याचा.
पाटी हिंदीत, शिव्या मराठीत
आणि कय्यूमचाचांची वेढ्यांची मोजणी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी:
एकशे अठरा, एकशे एकोणीस, चाय बोल दे बेटा, एकशे वीस.

बाबा मोटरीच्या पोटाला हात लावतात तो उलटा,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
म्हणतात, करंट जाईल तिथे ताप येणारच.
एवढा एकच नियम त्यांनी मला शिकवला
आणि सहा वर्षं झाली, मी
तोच मोडतो का ते बघते आहे

खंडवा रोडवरच्या एका तळघरात,
नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर.
खाली कोबाल्टचा थर, वर प्लॅटिनमचा,
दोन्ही मिळून इतके पातळ
की जाडी किती, असं विचारायलाही संकोच वाटावा.

कोबाल्टमधला प्रत्येक इलेक्ट्रॉन आपली फिरकी घेऊन असतो.
(तो फिरत नाही. तोंडी परीक्षेत हमखास हेच विचारतात.
फिरत नाही, तरी फिरकी आहे,
जसं बाबा बोलत नाहीत, तरी राग आहे.)

एकदा जेवताना म्हणाले, नक्की पाठवतेस काय तू त्यातून?
म्हटलं, वीज नाही.
जितके तिकडे जातात तितकेच इकडे परत येतात.
बाबांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला, तसाच धरून ठेवला.
मग मीटर फिरणार नाही.
नाही.
मग बिल कशाचं लावणार?

तेव्हा काही सुचलं नाही. सुचलं ते गेटवर.
रात्री दहाला हीलियम प्लांटची पाळी बदलते.
रामसजीवन वहीत लिहितो: आत सात, बाहेर सात,
खाली रेघ मारतो, शून्य, सही.
पण आत गेलेले सात जण झोप काढून आलेले,
केसांना तेल, डब्यातली भाजी अजून गरम,
आणि बाहेर पडलेले सात डोळे चोळत,
रिकामे डबे हँडलला अडकवत.
वहीत काहीच हललं नाही
आणि एक अख्खी झोप
गेटमधून आत गेली.

हेच, बाबा. मी हेच पाठवते.

फार लांब जात नाही ते.
प्लॅटिनममध्ये एक-दोन नॅनोमीटर, की संपलं,
आपण कुठल्या बाजूचे होतो हेच विसरतं.
त्याआधी त्याला आडवं वळवायचं
आणि तारेच्या दोन टोकांशी उभं राहून मोजायचं:
दोन मायक्रोव्होल्ट. कधी तेवढेही नाहीत.

आणि फसवणूक केवढी!
पावसाळाभर ज्या आकड्यावर मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते
तो निघाला तुकड्याच्या एका कडेचा ताप.
चुंबक उलटा केला तरी ढिम्म.
फिरकी असती तर उलटली असती. ताप कशाला उलटेल?
बाबांचा नियम मला शोधत
दोन जिने उतरून खाली आला होता.

काल पहाटे सव्वातीन.
अधिक दोन पूर्णांक एक.
चुंबक उलटा.
उणे दोन पूर्णांक एक.
पुन्हा. पुन्हा. सतरा वेळा.
सांगायला कोणी नाही, फक्त कॉम्प्रेसरची धडधड,
आणि टेबलावर कुणाची तरी सुकलेली शेव.
मी हातमोजा काढला
आणि नमुन्याच्या डबीला
हाताची उलटी बाजू लावली.

सकाळी दुकानात गेले. पुढेमागे कधी यावर यंत्रं चालतील, म्हटलं,
तासन्‌तास मांडीवर ठेवली तरी पोळणार नाहीत अशी.
बाबांनी बोटातली तार सोडली नाही.
ताप?
कोमट, मी म्हटलं. अजून आहे थोडा. मायक्रोवेव्हचा.
बाबांनी मान हलवली,
कोमट मोटर वीस वर्षं चालते,
आणि कय्यूमचाचांकडे वळून म्हणाले,
किती झाले?
चाचा विसरले होते.
त्यांनी वेढे सोडले आणि पहिल्यापासून सुरू केलं.