बावन्न खिडक्या

माणशी अडीचशे, राजवाडा आणि चार पॉइंट,
बॉनेटवर थाप मारून मोतीराम भोयेनं सांगितलं.
जीप आठांची. आम्ही दहा.
मी पुढे, गिअरपासून गुडघा चुकवत;
मागं सिन्नरचं कुटुंब, सुरतेचं नवं जोडपं,
आणि मांडीवर पिशवी धरून
उलटीच्या तयारीत बसलेला एक मुलगा.

सुरगाणा मागे पडलं, रस्त्यानं डांबर सोडलं.
फेब्रुवारीतले डोंगर
कातरून सोडलेल्या मेंढरांसारखे,
तपकिरी, उघडे, जरा लाजलेले.
मध्येच एखादा पळस
कुणी विसरून गेलेल्या शेगडीसारखा.
मोतीराम एका हातानं चाक
आणि दुसऱ्यानं इतिहास फिरवत होता:
"राजानं चुन्यात गूळ घातला,
म्हणून वाड्यात मुंग्या आधी आल्या, राणी नंतर."
वाक्य पाठ होतं. हशा कुठं येतो, तेही.

वर वाडा. छप्पर गेलेलं, भिंती राहिलेल्या.
दरबारात शेळ्या. गादीच्या चौथऱ्यावर
ग्रामपंचायतीची काळी टाकी.
"खिडक्या बावन्न," तो म्हणाला,
"राणी आठवड्याला एक उघडायची. वर्ष सरायचं."

मी तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांची शीटं तपासली.
शाई फिसकटली, आकडा केसभर सरकला,
की डोळ्याच्या आधी बोटाला कळायचं.
मी रिटायर झालो, बोटं झाली नाहीत.
मी मोजल्या. एकोणपन्नास.
पँटीला कुसळं घेत वाड्याला वळसा घातला.
एकोणपन्नास.

बाजूला घेऊन त्याला सांगितलं.
रागावला नाही. तंबाखू मळत म्हणाला,
"तीन त्या पडलेल्या भिंतीत होत्या, साहेब.
माझ्या बापानं मोजल्या तेव्हा होत्या.
पडल्या म्हणून कमी कशाला करायच्या?"

पहिल्या पॉइंटवरून सप्तशृंग दिसला, सगळ्यांनी हात जोडले.
दुसऱ्यावरून गुजरात दिसला,
सुरतेच्या नवऱ्याची मान उगाच ताठ झाली.
तिसऱ्यावर मुलगा "आई" म्हणून ओरडला;
दरीनं निम्मंच परत दिलं.

चौथ्यावर सूर्य ठरल्या वेळी गेला.
फोन खाली आले, माणसं भज्यांच्या गाडीकडे वळली.
मी कठड्यापाशी राहिलो. तो शेजारी आला.
"तो खाली आमचा पाडा. घरं अकरा.
मोजा, तुम्हाला सवय आहे."

दिवे लागत होते, एकेक, घाई नसल्यासारखे.
मी मोजले. दहा.
थांबलो. भज्यांचं तेल तडतडलं. दहा.
"सादड्याच्या उजवीकडं बघा. ते माझं."
तिथं अंधार होता,
आसपासच्या अंधारापेक्षा जरासा चौकोनी.

बायको दोन्ही पोरींना घेऊन
दिवाळीपासून दिंडोरीला, द्राक्षाच्या बागेत.
डिपिंग झालं, आता तोडणी. होळीला येईल.
हा रात्री जीपमध्येच झोपतो.
"घरी गेलो तर दिवा लावायला लागतो," म्हणाला,
आणि तंबाखू थुंकायला लांब गेला,
लागते त्यापेक्षा लांब.

असं शीट हाताखाली आलं असतं
तर मी कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण केली असती,
नाव घातलं असतं, तारीख घातली असती.
तो परत आला.
"अकरा," मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
आम्ही प्रेसमध्ये एकमेकांच्या सहीकडे बघायचो तसं.
"बरोबर."

उतरताना एकच हेडलाइट.
मुलानं शेवटच्या वळणावर पिशवी वापरली.
खाली मी तीनशे दिले. त्यानं प्रत्येक नोट
त्या एका दिव्यासमोर धरून पाहिली;
वाईट वाटलं नाही, मीही पाहत होतो.
सुटे पन्नास त्याच्याकडे नव्हते.
म्हटलं, राहू दे, तीन खिडक्यांचे.

तो हसला. ठरलेल्या जागी नव्हे.
"मग पुढच्या वेळी मोजायचं नाही," म्हणाला.