तळवे

कामांदेला आताशा ऐकू येत नाही.
फुलांच्या मळ्यावर पंपाशेजारी
एकवीस वर्षं उभा राहिला,
कान तिथंच ठेवून आला.
म्हणून आमची वाटणी झालीय :
दिवस त्याचा, रात्र माझी.

दिवसा तो ओट्यावर बसतो,
मांडीवर दुर्बीण. तिचं एक भिंग तडकलंय,
त्यामुळे नैवाशातल्या प्रत्येक पेलिकनला
त्याच्या हिशेबी
मधोमध एक ओरखडा आहे.
मत्स्यगरुड मान मागे टाकून
अख्खं तळं हलेल असा ओरडतो.
कामांदे म्हणतो, "जांभई देतोय बघ."
मी दुरुस्त करत नाही.

पिवळ्या खोडांच्या बाभळींवर
कोलोबस माकडं शेपट्या खाली सोडून बसतात,
कुणीतरी शाली वाळत घालून विसरलंय.
पाणकोंबडी जलपर्णीवरून अशी जाते
जशी उधारी थकलेली बाई
दुकानासमोरून.
जिराफ सोमवारी येतात नाहीतर गुरुवारी,
हा त्याचा दावा.
मला तसं काही दिसलेलं नाही.

रात्री किबोको येतात.
आधी पाणी सुटल्याचा आवाज,
ओलं गोणपाट काठावर टाकावं तसा.
मग पपायरस बाजूला होतो.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग गवत.
पाणघोडा गवत ओठांनी उपटतो.
शिंप्यानं जाडं कापड फाडावं,
सरळ, न थांबता,
गिऱ्हाईक समोर नसताना.

मी त्यांना गोड वगैरे म्हणत नाही.
जाळी काढायला गेलेला किमोथो
एका पहाटे परत आला नाही.
होडी आली, मधून दुमडलेली.

मी कामांदेच्या तळहातावर बोटानं सांगते :
एक. दोन. एक लहान.
मोरीकडून सुकुमाच्या वाफ्याकडे.
तो पांघरूण सारतो,
पाय गार सिमेंटवर टेकवतो,
आणि थोड्या वेळानं म्हणतो,
"मोठे तीन आहेत. तू एक चुकलीस."
सकाळी चिखलातले चार बोटांचे ठसे मोजले.
मोठे तीनच होते.
वाफ्यात मात्र काही उरलं नव्हतं.

मार्चमध्ये मोजणी खात्याचा ओटिएनो आला,
बूट हातात, विजार गुडघ्याच्या वर.
तळं आमच्या फाटकाच्या
दुसऱ्या गजापर्यंत चढलं होतं.
त्यानं भिंतीवर लाल रंगात आकडा काढला,
चहा घेतला, साखर दोनदा मागितली,
आणि कामांदेच्या कानाशी ओरडला :
"वर्षभरात पाणी इथं! घर सोडावं लागेल!"
"कुणाचं?" कामांदेनं विचारलं.
ओटिएनो हसला.
मला हसू आलं नाही.

कारण पाया खणताना मीही तिथं होते.
जमिनीत दोन खोल चाकोऱ्या निघाल्या,
मध्ये गवताचा उंचवटा.
बैलगाडीची वाट, आम्ही म्हणालो,
चला, आयती वाट मिळाली,
आणि तिच्यावरच भिंत उभी केली.
पहिल्याच रात्री
काहीतरी प्रचंड
भिंतीपाशी येऊन उभं राहिलं.
तेव्हा कामांदेला ऐकू येत होतं.
आम्ही दोघांनी श्वास ऐकला,
बराच वेळ,
मग तो वळला.
तेव्हापासून ते मोरीला वळसा घालून जातात.
आता त्या वळणाच्याही
दोन चाकोऱ्या झाल्यात.

काल संध्याकाळी
कामांदेनं पक्कड मागितली.
कुंपणाची तार कापली, दोन खांब उपटले,
मोरीच्या अलीकडचे.
"एवढे पुरेत," म्हणाला,
आणि हात धुऊन जेवायला बसला.
मी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तरी ओरडावं लागलं असतं,
आणि ओरडून विचारण्यासारखं ते नव्हतं.

रात्री मी जागी होते.
तो झोपलेला,
तळवे पांघरुणाबाहेर.
गवताचा आवाज यायच्या आधीच
त्याच्या पायाचा अंगठा हलला.