नऊशे ग्रॅम

मासळीचं गणित मला पाठ आहे :
मोठा सरंगा, मोठा भाव.
बारका तोच मासा वाट्यावर जातो,
त्याहून बारका मांजराला.

म्हणून कुडाळच्या नेरूरकरबाईंनी
चहाच्या कपात मावेल असं पिल्लू दाखवून
"बावीस हजार" म्हटलं,
तेव्हा मी बाजूच्या मोठ्याचा दर विचारला.
"तो दहा. वाढला ना तो."
म्हणजे इथे वाढण्याचे पैसे कापतात.

माझ्याकडे सात हजार. भिशीचे.
चौदाव्या महिन्यात लागलेला नंबर,
कमरेच्या पिशवीत, वर सेफ्टीपिन.
त्यातले दीड हजार खरं तर बर्फवाल्या कुणकवळेकराचे.
ते मी आज विसरले होते.

जाऊ म्हणाली होती,
"बोटीखाली सात पिल्लां पडली आसत,
खंयचाय उचल. पैशे कित्याक घालतंस?"
खरंच होतं ते.
पण ती पिल्लं किनाऱ्याची. जाळं आलं की येतात,
जाळं रिकामं झालं की जातात.
आणि मागच्या दिवाळीत सुरमई घ्यायला आलेल्या एका बाईच्या
पर्समधून एक तोंड बाहेर आलेलं,
ती घासाघीस करत होती तेवढा वेळ
ते फक्त मला बघत होतं.
सुरमईला नाही. मला.

येताना हात लिंबाने धुतले,
मग साबणाने, मग परत लिंबाने.
"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.
घरी फ्रीज असतो, रात्री घुरघुरतो.
मुलगा बेतुलच्या ट्रॉलरवर.
"आहेत सगळे," म्हटलं.

मग खाटेखालून तिसरा आला.
पाच महिन्यांचा, एक डोळा पाणावलेला,
खालचा जबडा पुढे, जसा रुसलेला सावकार.
"हा परत आलाय. कणकवलीच्या पार्टीला तोंड पसंत पडलं नाही."

मी अंगठ्याने त्याचा ओठ उचलला.
हिरड्या लाल, ताज्या कल्ल्यांसारख्या.
पोट दाबलं, बोटाचा खळगा राहिला नाही.
ताजा आहे, असं म्हणणारच होते.
त्याने माझं नख हुंगलं
आणि दोन लिंबं, एक साबण ओलांडून
कालच्या बांगड्यापर्यंत पोचला.

"साडेनऊ."
"पाच."
बाई हसल्या. मी हसले नाही.
पिशवी उचलून फाटकाकडे चालू लागले.
माझ्या पाटीसमोरून रोज किती जणी अशा उठून जातात,
कितव्या पावलाला हाक मारायची ते मला ठाऊक,
म्हणून पावलं बारीक टाकली.
तुळशीपाशी हाक आली नाही.
नळापाशी नाही.
फाटकाची कडी काढली,
आता खरंच जावं लागणार म्हणून पोटात गोळा,
तेव्हा :
"सहा हजार आठशे. आणि खाऊची पिशवी फुकट."

उरलेल्या दोनशेत एसटी बसते.
"पिशवीत काय?" कंडक्टर.
"सुके बांगडे."
बांगडे शिंकले.
तो खिडकीबाहेर बघत राहिला
आणि एकच तिकीट फाडलं.

सकाळी जेटीवर सगळे गोळा.
"ह्यो कुत्रो काय उंदीर गो?"
लिलावाच्या मोतू तांडेलाने
दोन क्रेटच्या मध्ये त्याला काट्यावर ठेवला.
नऊशे ग्रॅम.
सवयीने ओरडलाही : "नऊशे! बोला!"
आणि कुणीतरी सवयीने, "अडीचशे!"

या काट्यावर मी सव्वीस वर्षं काय काय ठेवलं.
न्यायला नाही, असं कधी म्हटलं नव्हतं.
आताही म्हटलं नाही. नुसता उचलला.
तो थरथरत होता, की माझा हात.
काटा शून्यावर यायला हवा होता,
पण ओल्या पायांचे ठसे धरून
सात ग्रॅम दाखवत राहिला.

मागे कुणकवळेकर उभा, बर्फाचे पैसे मागायला.
त्याने आधी जबडा बघितला, मग मला.
मी म्हटलं, सोमवारी.