तासांची वही

कोण किती तास राबलं, ते मी लिहितो.
जड पाण्याचा कारखाना, गेटाजवळची केबिन.
निळं पेन; मर्यादा ओलांडली की लाल.

सुमंत टिपणिसांचं नाव कायम निळं.
दांडिया बाजारातून सायकल, मग कंपनीची बस,
पॅनेलसमोर आठ तास, आणि परत.
नियमात बसतात.

सयाजी इस्पितळात त्यांची आई आहे, अकरा रात्री झाल्या.
खाटेखाली सतरंजी,
दर दोन तासांनी तिची कूस बदलायची.
त्याला माझ्या वहीत रकाना नाही.

काल विचारलं, "झोप झाली?"
"मजामां," म्हणाले,
आणि सही करून टोपण लावू लागले.
टोपणाला निब सापडेना.
एकदा. दोनदा. मग माझ्याकडे बघून हसले.

मी लाल पेन उचललं,
बारा तास जास्तीचे मांडले
आणि त्यांना त्याच बसनं घरी धाडलं.

संध्याकाळी साहेबांनी वही मागवली.
"हे बारा तास कुठे केले त्यांनी?"
वॉर्ड सात, खाट बावीस,
ओठांवर आलं होतं.
म्हटलं, बेरीज चुकली असेल, साहेब,
माझीही झोप झालेली नाही.