एक शिलिंग चार पेन्स

चाळीस वर्षं मी लिंकनशरच्या घरांतले नळ दुरुस्त केले.
गळती शोधायची रीत एकच:
ओल दिसते तिथं थांबायचं नाही,
पाण्याच्या उलट चालत जायचं.

म्हणून वाटलं, हेही जमेल.
बापाचा बाप, त्याचा बाप,
दाखल्यामागे दाखला,
सरकारी शिक्का, निबंधकाची सही.
पाइप कसा भिंतीतून सरळ वर चढत गेला
अठराशे सदतीसच्या जुलैपर्यंत,
आणि तिथं भिंतच संपली.

त्याआधी आम्ही जन्मलो काय, मेलो काय,
सरकारला सोयरसुतक नव्हतं.
होते ते गावोगावचे पाद्री, त्यांची पाणचट शाई
आणि त्यांना आलेला कंटाळा.

ओबडाया स्क्रिमशॉ, शेतमजूर.
एकेचाळीसच्या खानेसुमारीत वय पन्नास,
म्हणजे पन्नास ते चोपन्न, काहीही;
मोजणाऱ्यानं अख्खं गाव पाचाच्या पाढ्यात बसवलेलं.
याच परगण्यात जन्म? होय.
कुठं, ते विचारणारा रकानाच नाही.

माझा मंगळवार अभिलेखागाराचा.
कोट बाहेर, डबा बाहेर, आत फक्त पेन्सिल.
मिसेस डॉबनी आधी उशी आणते,
मग तिच्यावर नोंदवही निजवते,
मान सांभाळून, तान्ह्याला ठेवावं तशी.
चामड्याची पानं. कडा उंदरांनी खाल्लेल्या.
एका बाप्तिस्म्यावर मेणबत्तीचं मेण.
एका सालात नुसतं 'पाद्री आजारी',
जशा काही गावातल्या बायका
तो बरा होईपर्यंत थांबल्या असतील.

स्क्रिमशॉ, स्क्रिमशर, स्क्रमशा,
ज्यानं जसं ऐकलं तसं.
ज्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही
तो चूक दाखवणार कशी?
लग्नाच्या नोंदीखाली ओबडायाची फुली आहे,
एक रेघ जोरात, दुसरी घाबरलेली.
तिच्यावर बोट ठेवायला मनाई आहे.
मी ठेवलं.

बाप्तिस्मा मात्र कुठंच नाही.
सतरा गावं, अकरा वर्षं.
त्या काळात बाप्तिस्म्यावर तीन पेन्स कर होता,
कंगालांना माफ; त्यांच्या नावापुढे
एक छोटं 'पी' काढत.
मी त्या 'पी'चीसुद्धा आस धरली.
ब्रेंडा म्हणायची, बस करा आता,
मेलेली माणसं कुठं पळून जात नाहीत.

पळून नाही जात. पोचवली जातात.

सापडलं ते गरिबांवरच्या खर्चाच्या वहीत,
कोळसा आणि कफन यांच्या मधल्या ओळीत:
'केझाया स्क्रिमशॉ, अविवाहित, दिवस भरलेले.
हद्दीच्या पुलापलीकडे नेऊन सोडली.
गाडी एक शिलिंग. शिपायाची बिअर चार पेन्स.'
मार्च, सतराशे नव्वद.

पोर ज्या गावात जन्मेल
त्या गावाच्या गळ्यात पडेल, म्हणून.

मी पलीकडच्या गावाची वही मागवली.
दुसऱ्याच दिवशी त्यांचाही खर्च:
एक गाडी, तीच बाई, तोच पूल,
तोंड उलट्या दिशेला.
बिअर इकडे दोन पेन्सांनी महाग.
दोन्ही वह्यांतली बेरीज बरोबर आहे, मी करून पाहिली.
मूल दोन्हींत नाही.

बापाचं नाव नाही, आणि लागणारही नाही.
ज्या नावाला धरून मी अकरा वर्षं
बापलेकांची रांग चढत होतो,
ते त्या गाडीतल्या बाईचं.

पूल पाहून आलो. आता सिमेंटची मोरी आहे,
वरून बीटचे ट्रक जातात, दोन्ही टोकांना
गावांच्या पाट्या, 'कृपया सावकाश'.
सवयीनं वाकून सांधा चाचपला.
चांगलं काम आहे. कोरडा.

वंशावळीच्या कागदावर ओबडायापुढे,
जन्मस्थळाच्या चौकटीत,
मी पेन्सिलीनं लिहिलंय: गाडी.
ब्रेंडानं चष्मा लावून वाचलं.
म्हणाली, आणि भाडं?
म्हटलं, ते भरलंय. दोन्ही गावांनी.